सोळा आणे रंग

सरकारी दफ्तरात १९०५ सालापर्यंत ज्या गावाच्या नावावरून सबंध जिल्ह्याला ‘वूण’ म्हटले जाई, त्या वणीच्या तालुक्यात, वर्धेच्या काठच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकविणाऱ्या कास्तकाराला आणेवारी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पीक सोळा आणे आले म्हणजे प्रमाण उत्पन्नाच्या तोलाचे आले, बारा आणे आले म्हणजे पाऊण आले, आणि आठ आण्यांच्या खाली गेले म्हणजे तहसील कचेरीकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली, हा हिशेब त्याच्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, पुढे सरकारी कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली, नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी जाहीर होणारा तिचा आकडा पन्नास पैशांच्या वर राहतो की खाली जातो यावर टंचाईच्या सवलती अवलंबून राहू लागल्या. तथापि लोकांच्या बोलण्यातून सोळाचे मान काही गेले नाही, आणि आजही पैसेवारी जाहीर झाली की गावात चर्चा होते ती आणेवारीचीच.

व्यवहारातून अशा रीतीने हद्दपार झालेले हे मान, कोणाच्या फारसे लक्षात न येता, त्याच कास्तकाराच्या खिशात आता पुन्हा येऊन बसले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी तो बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाची नोंद करतो, तेव्हा पडद्यावर जे रंग उमटतात, मग ते एखाद्या बटणाचे असोत की छायाचित्रातल्या कपाशीच्या पानाचे असोत, ते यंत्राच्या पोटात शेवटी संख्यांच्याच रूपाने नांदत असतात. आणि पडद्याची मांडणी करणारा प्रोग्रॅमर त्या संख्या बहुधा दहाच्या नव्हे तर सोळाच्या मानात लिहितो. ते सोळाचे लेखन वाचून त्यापासून एक पूर्णांक कसा सिद्ध करावा, हा प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे लवकरच येणारा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. परंतु लिहिलेले चिन्ह निराळे, त्याचे मूल्य निराळे, आणि या दोहोंच्या मध्ये वाचनाचा एक अलिखित करार उभा असतो, ही गोष्ट जितकी स्पष्टपणे या प्रश्नात दिसते तितकी इतरत्र क्वचितच दिसत असेल.

पडद्यावरचा प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांच्या मिश्रणाने रंगतो. प्रत्येक प्रकाशाची तीव्रता ० पासून २५५ पर्यंत, म्हणजे २५६ पायऱ्यांनी मोजण्याचा शिरस्ता आहे, कारण आठ बिटांच्या एका बाइटमध्ये नेमक्या तितक्याच निरनिराळ्या संख्या मावतात. आणि तिन्ही प्रकाशांच्या पायऱ्यांचा गुणाकार केला म्हणजे १,६७,७७,२१६ रंग होतात. आता बाइट जसाच्या तसा लिहावयाचा तर आठ वेळा शून्य किंवा एक लिहावा लागतो, ज्याने मनुष्याची दृष्टी थकते आणि चूक होते. आणि दशमानात लिहावा तर २५५ या आकड्यावरून त्याच्या पोटातले आठ बिट कोणते हे नजरेला कळत नाही. सोळाच्या मानात मात्र चार बिटांना बरोबर एक चिन्ह पुरते, म्हणून एका प्रकाशाला दोन आणि एका रंगाला सहा चिन्हे लागतात. शून्य ते नऊ हे दहा अंक आपल्याजवळ असतातच; पुढच्या सहा मूल्यांसाठी इंग्रजी वर्णमालेतील पहिली सहा अक्षरे घेतात, ज्यांत ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा, याप्रमाणे चढत चढत एफ म्हणजे पंधरा होतो.

सोळाच्या पायावर अंकगणित उभारण्याची कल्पना संगणकाच्या आधीची आहे. जॉन नायस्ट्रॉम या स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने १८६२ साली फिलाडेल्फियात एक ग्रंथ प्रसिद्ध करून वजने, मापे आणि नाणी ही सर्व सोळाच्या पटीत आणण्याची योजना मांडली होती. ती कोणी अमलात आणली नाही, आणि त्याच काळात रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे सोळा छटाक करणारा आपला बाजार अशा कोणत्याही ग्रंथावाचून सुखाने चालला होता. पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने आपली ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली आणि तिच्याबरोबर आठ बिटांचा बाइट व ए ते एफ ही अक्षरे यांचा प्रसार जगभर झाला. त्याच वर्षी १ जून रोजी भारत सरकारने ‘नवे पैसे’ यातील ‘नवे’ हे विशेषण काढून टाकले, कारण दशमान नाणी एव्हाना लोकांच्या अंगवळणी पडली होती. अर्थात् ज्या सुमारास आपल्या देशाने सोळाचा निरोप घेतला, त्याच सुमारास यंत्राने सोळाचा अंगीकार केला. इंटरनेटच्या पानांचे रंगरूप सांगणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये ठरली तेव्हा रंगाचे हे सहा चिन्हांचे लेखन, अगोदर हॅशची खूण लावून, तिच्यात मान्य झाले आणि आजतागायत तेच चालू आहे.

उदाहरणासाठी केशरी रंग घेऊ. राष्ट्रध्वजाच्या कापडाचे स्वतंत्र भारतीय मानक १९५१ पासून आहे आणि त्यात रंग निराळ्या, शास्त्रीय पद्धतीने सांगितलेला आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर ध्वजाचा केशरी दाखवावयाचा असता पुष्कळदा एफएफ९९३३ असे लिहितात. पहिली जोडी तांबड्याची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. एफएफ म्हणजे पंधरा गुणिले सोळा अधिक पंधरा, अर्थात् २५५. ९९ म्हणजे नऊ गुणिले सोळा अधिक नऊ, अर्थात् १५३. आणि ३३ म्हणजे ५१. या तीन संख्यांची मिळून एक संख्या करताना तांबड्याला ६५,५३६ ने आणि हिरव्याला २५६ ने गुणावयाचे आणि निळा तसाच ठेवावयाचा, म्हणजे १,६७,११,६८० अधिक ३९,१६८ अधिक ५१ मिळून १,६७,५०,८९९ हा पूर्णांक येतो. उलट जावयाचे असल्यास या संख्येला ६५,५३६ ने भागावे. भागाकार २५५ येऊन बाकी ३९,२१९ उरते, तिला २५६ ने भागले असता १५३ येऊन ५१ उरतात, आणि तिन्ही प्रकाश पुन्हा जसेच्या तसे हाती लागतात.

यंत्र इतके मोठे गुणक लक्षात ठेवीत बसत नाही. ते शून्यापासून आरंभ करते, डावीकडून एकेक चिन्ह उचलते, आतापर्यंतच्या बेरजेला सोळाने गुणून त्यात नव्या चिन्हाचे मूल्य मिळविते, आणि चिन्हे संपली की थांबते. केशरीच्या बाबतीत ही बेरीज पंधरा, २५५, ४,०८९, ६५,४३३, १०,४६,९३१ अशी वाढत जाऊन सहाव्या पायरीवर १,६७,५०,८९९ होते. पायथॉन, जावास्क्रिप्ट किंवा जावा यांपैकी कोणत्याही भाषेत हे काम करणारी तयार आज्ञा आहे. तिला लेखन द्यावयाचे आणि ते सोळाच्या मानातले आहे हे सांगावयाचे, इतकेच. जावास्क्रिप्टमध्ये तिचे नाव ‘पार्सइंट’ आहे.

एवढा खटाटोप करावा कशासाठी, असे कोणी विचारील. मोबाइलचा पडदा १,०८० गुणिले २,४०० बिंदूंचा असला तर त्यावर २५,९२,००० बिंदू असतात. प्रत्येकाचा रंग चार बाइटांच्या पूर्णांकात ठेवला तर सुमारे एक कोटी चार लाख बाइट लागतात, आणि हॅशसह सात अक्षरांत ठेवला तर एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक. शिवाय पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावयाचा असता दर वेळी अक्षरे वाचून अर्थ लावीत बसणे यंत्राला परवडणारे नाही. लेखन मनुष्याच्या सोयीसाठी आणि पूर्णांक यंत्राच्या सोयीसाठी, अशी ही वाटणी आहे.

येथे आण्याची गोष्ट पुन्हा विचारात घेण्यासारखी आहे. १९५७ मध्ये एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे झाला, आणि सव्वासहाचे नाणे असू शकत नसल्यामुळे सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे धरले गेले. त्यामुळे सोळा आणे एकेक करून निरनिराळ्या प्रसंगी मोडणाऱ्याच्या हाती शहाण्णवच नवे पैसे पडत आणि चार वाटेतच जिरत. सोळाने शंभराला निःशेष भाग जात नाही, हे या तुटीचे मूळ होय. रंगाच्या रूपांतरात अशी तूट मुळीच येत नाही, कारण सोळा हा दोनाचाच चौथा घात आहे आणि यंत्र दोनाच्याच मानात गणित करते. प्रत्येक चिन्हाच्या जागी चार बिट ठेवले की काम झाले, काही गोळाबेरीज करावी लागत नाही आणि काही उरत नाही. तेच रंग टक्क्यांत लिहू गेले की १९५७ ची अडचण परत येते: केशरीतील हिरव्याचे १५३ हे २५५ च्या बरोबर साठ टक्के भरतात खरे, परंतु ध्वजाच्या हिरव्या पट्ट्यासाठी वापरले जाणारे १३८८०८ हे लेखन घेतले, तर त्यातील ८८ म्हणजे १३६, आणि त्याचे टक्के त्रेपन्न पूर्णांक एक तृतीयांश होतात, जे दशांशात कधीच पुरे लिहिता येत नाहीत.

गणित इतके निर्दोष असूनही रंग चुकतात, आणि ते चुकतात वाचनाच्या करारात. पहिला करार पायाचा. ध्वजावरील अशोकचक्राच्या गर्द निळ्यासाठी ००००८० असे लिहितात. सोळाच्या मानात याचे मूल्य १२८ होते, पण वाचणाऱ्याने दशमान समजून वाचले तर ८० होते, आणि या लेखनात एकही अक्षर नसल्यामुळे चूक झाल्याची खूणसुद्धा दिसत नाही. जावास्क्रिप्टच्या काही जुन्या अंमलबजावण्यांत आरंभीचे शून्य पाहून संख्या आठाच्या मानातली समजण्याची रीत होती, आणि आठाच्या मानात आठ हा अंकच नसल्यामुळे तेथे याच लेखनाचे मूल्य शून्य येई. २००९ च्या मानकाने ही रीत बंद केली. हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये, रंगांची यादी उतरवून घेणाऱ्यांना निराळाच अनुभव येतो. ००८००० हा हिरवा तेथे आरंभीची शून्ये गमावून नुसता ८००० होतो. आणि १००ई०५ हा जवळजवळ काळा असलेला रंग, मधल्या ई या अक्षराचा अर्थ दहाचा घात असा लावला गेल्यामुळे, शंभर गुणिले एक लक्ष, म्हणजे चक्क एक कोटी होऊन बसतो. यावर उपाय सोपा आहे: रंगांचा स्तंभ उघडण्यापूर्वीच तो मजकुराचा आहे असे सांगून ठेवावे.

दुसरा करार चिन्हांचा. यंत्राला अक्षर दिसत नाही, अक्षराचा क्रमांक दिसतो. आस्की या संकेतात शून्य या अंकाचा क्रमांक ४८, नवाचा ५७, मोठ्या लिपीतील एचा ६५ आणि लहान लिपीतील एचा ९७ आहे. म्हणून अंक असेल तर ४८, मोठे अक्षर असेल तर ५५ आणि लहान असेल तर ८७ वजा केले असता चिन्हाचे खरे मूल्य मिळते. आता मराठी कळफलकावर काम करणाऱ्याने अनवधानाने देवनागरी ९९ टाइप केले तर काय होईल? युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५ आहे. पायथॉन आणि जावा या दोन भाषा जगातील अनेक लिप्यांचे अंक ओळखत असल्यामुळे सोळाच्या मानात त्याचे १५३ असे बिनचूक वाचन करतात. जावास्क्रिप्ट मात्र ही संख्याच नव्हे असा निर्वाळा देते. उघड नकार एक वेळ पत्करला, कारण त्यामुळे चूक जागच्या जागी कळते. अधिक धोका अर्धवट स्वीकृतीचा आहे. एफएफ९९जी३ असे चुकीचे लेखन दिले असता पायथॉन ते साफ नाकारते, परंतु जावास्क्रिप्टचे पार्सइंट जी या परक्या अक्षरापाशी निमूटपणे थांबते आणि तोवरची बेरीज ६५,४३३ परत देते. या पूर्णांकात तांबडा शून्य, हिरवा २५५ आणि निळा १५३ असल्यामुळे केशरी मागणाऱ्याच्या पदरात झगझगीत हिरवा पडतो. म्हणून लेखनाची लांबी आणि प्रत्येक चिन्ह आधी तपासावे, मग रूपांतर करावे. तीन चिन्हांचे संक्षिप्त लेखन आले तर प्रत्येक चिन्ह दुप्पट करून घ्यावे. एफ९३ म्हणजे एफएफ९९३३च होय.

तिसरा करार क्रमाचा, आणि तो सर्वांत फसवा आहे. विंडोजच्या जुन्या परंपरेत, आणि त्यामुळे एक्सेलच्या मॅक्रोंत, पूर्णांकातील सर्वांत लहान स्थान तांबड्याला आणि सर्वांत मोठे निळ्याला दिलेले आहे. तेथे केशरीचा पूर्णांक ३३,८१,७५९ होतो. गूगल अर्थच्या नकाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या केएमएल या लेखनपद्धतीत आठ चिन्हे असतात, त्यांपैकी पहिली जोडी अपारदर्शकतेची, आणि पुढे निळा, हिरवा, तांबडा असा उलटा क्रम. समजा, वणीच्या एखाद्या विद्यार्थ्याने तालुक्याचा नकाशा करावयास घेतला, वर्धा आणि निर्गुडा या नद्या निळ्या दाखविल्या, आणि कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यांसाठी केशरी रंग म्हणून एफएफएफएफ९९३३ असे लिहिले, तर गणितात तिळमात्र चूक नसताना खाणी आकाशी निळ्या होतील आणि नदी कोठे संपते व खाण कोठे सुरू होते हे नकाशा पाहणाऱ्याला ओळखता येणार नाही. त्याला लिहावयास हवे होते एफएफ३३९९एफएफ. सीएसएसच्या नव्या रीतीत तर अपारदर्शकता शेवटी येते, आणि अँड्रॉइडमध्ये ती आरंभी येते. म्हणजे एकच आठ चिन्हे तीन ठिकाणी तीन रंगांची वाचली जाऊ शकतात.

आठ चिन्हांबरोबर चौथा करारही येतो, तो चिन्हांकित संख्येचा. अँड्रॉइडवर पूर्ण अपारदर्शक केशरीचा पूर्णांक छापून पाहिला तर उणे २६,३१७ असा आकडा दिसतो, आणि नवशिक्याला रंग ऋण कसा असू शकतो याचा अचंबा वाटतो. जावातील ‘इंट’ बत्तीस बिटांचा असून त्याचा सर्वांत डावा बिट ऋणतेची खूण मानला जातो, आणि अपारदर्शकतेच्या एफएफने नेमका तोच बिट व्यापलेला असतो. त्यामुळे शुभ्र पांढरा उणे एक आणि काळा उणे १,६७,७७,२१६ होतो. बिट यथास्थित आहेत, केवळ वाचन ऋण आहे. परंतु तीच आठ चिन्हे जावाच्या नेहमीच्या ‘पार्सइंट’ला दिली तर ती संख्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेबाहेरची ठरून नाकारली जाते, म्हणून तेथे मोठ्या ‘लाँग’चा किंवा चिन्हरहित वाचनाचा आश्रय घ्यावा लागतो.

पूर्णांक हाती आला म्हणजे त्याच्याशी हवे ते गणित करण्याचा मोह होतो, तोही आवरावा. ००००८० या गर्द निळ्याची दुप्पट केली तर १२८ चे २५६ होतात, सोळाच्या मानात ते ०००१०० असे उतरते, आणि निळ्याच्या घरातला हातचा हिरव्याच्या घरात गेल्यामुळे अधिक उजळ निळ्याऐवजी जवळजवळ काळा रंग मिळतो. दोन रंगांचा मध्य काढावयाचा असो, की एखादा रंग फिका करावयाचा असो, आधी तिन्ही घरे सुटी करावीत, प्रत्येकात स्वतंत्र हिशेब करावा, आणि मगच पुन्हा एकत्र बांधावे.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या रोजच्या कामाचे आहे. रूपांतराचे गणित यंत्र करते आणि ते चुकत नाही. पाया कोणता, चिन्हे किती, क्रम कोणता आणि अपारदर्शकता कोठे, हे मात्र यंत्राला लेखनाकडे पाहून कळत नाही, आणि जेथे रंग एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जातो तेथे या चार गोष्टी लेखी नमूद असल्याच पाहिजेत. शिवाय चाचणीसाठी पांढरा, काळा, करडा किंवा शुद्ध हिरवा निवडण्याची जी सर्वसाधारण सवय असते ती सोडावी, कारण हे चारही रंग तांबडा आणि निळा यांची अदलाबदल झाली तरी तेच राहतात आणि क्रमाची चूक झाकून टाकतात. एफएफ९९३३ सारखा, तिन्ही घरांत तीन निरनिराळी मूल्ये असलेला रंग घ्यावा. तो पडद्यावर केशरीच दिसला तर क्रम बरोबर आहे, आणि निळा दिसला तर दुरुस्ती कोठे करावयाची तेही त्याच क्षणी कळते.